चार इंच वर, आठ माणसं आत

२९ जून, रविवार

संस्थेची जीप आज अड्याळहून परत आली. जागेश्वर मिस्त्रीने चाकांवरच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, जास्तीचे पाटे टाकून ती चार इंच वर उचलली आहे. मी टेपने मोजली. पुढे बरोबर चार, मागे तीन इंच सात सूत. एक सूत कमी आहे हे मी जागेश्वरला बोललो नाही. बोलायला हवे होते का?

आमच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष श्यामलालकाका पायरीवर पाय ठेवायला गेले, तर पाय पोचेना. म्हणाले, "चंदन, जीप आनली का मचान आनलं बे?"

वर उचलण्याची कल्पना माझी. गेल्या वर्षी तलावात सोडायची माशांची पिल्ले, म्हणजे बोटुकली, घेऊन येणारी भाड्याची गाडी नाल्यातल्या धोंड्यावर टेकली आणि चार तास तिथेच बसली. पिशव्यांतली अर्ध्याहून जास्त पिल्ले मरून उलटी झाली. मग बेचाळीस घरांनी वर्षभर तलावात जाळे टाकून शेवाळ काढले. सचिव मीच होतो. यंदा पुन्हा तसे झाले तर राजीनामा देईन, असे मी सभेच्या वहीत लिहून ठेवले आहे. कुणी मागितला नव्हता.

संध्याकाळी जीपखाली शिरून सगळे साफ केले. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, चिखलाने माखला होता. बोल्ट काढून ओढला तर त्याचे दोन तुकडे झाले. एक नळी दुसरीत सरकते, अशी ती रचना आहे. आतले दाते डिझेलने धुतले, नवे ग्रीस भरले, परत बसवला. दोन्ही तुकड्यांवर कुणीतरी पांढऱ्या रंगाचे फराटेही ओढून ठेवले होते. लोक वस्तू किती घाण करतात! ते घासून काढण्यातच अर्धा तास गेला.

काका खाटेवर बसून पाहत होते. "ते पांढरं कायले घासून राहिला रे?"

"काका, बेचाळीस घरांची वस्तू आहे. साफ दिसली पाहिजे."



१ जुलै, मंगळवार

डांबरी रस्त्यावर जीप पहिल्यांदा नीट चालवून पाहिली. तीसपर्यंत ठीक. तीसच्या पुढे खालून थरथर सुरू होते. पस्तीसला ती पाठीच्या कण्यात येते, चाळीसला आरशात मागचा रस्ता दोन दोन दिसतो. शेजारी बायको डिंपल बसली होती. तिच्या बांगड्या आपोआप वाजत होत्या.

"थोडीशी थरथरते," मी म्हणालो.

"थोडीशी?" ती म्हणाली, पण तिचा आवाजही थरथरतच आला. "मले तं जात्यावर बसल्यावानी वाटून राहिलं."

पंधरा वर्षांच्या संसारात मी तिच्याशी खोटे बोललो नाही. "थोडीशी" हे खोटे आहे का, यावर विचार करायला हवा.

२ जुलै, बुधवार

विचार केला. खोटे आहे. डिंपलला तसे सांगितले. ती म्हणाली, "माहीत आहे. भाजी आना."

४ जुलै, शुक्रवार

जागेश्वरचे दुकान बंद. तो सासऱ्याच्या शेतावर रोवण्याला गेला आहे. दर जुलैत जातो. धानाचे परे, म्हणजे भाताची रोपे, लावून झाल्याशिवाय सासरा सोडत नाही. शेवटी दुपारी फोन लागला. मागे चिखलात बायांचे हसणे ऐकू येत होते.

"मिस्त्री, गाडी थरथरते."

"थरथरंनच ना भाऊ! वर उचलली तं शाफ्ट तिरपा झाला. कमानीखाली पाचर टाकून मागच्या चाकांमधला गोळा जरासा वर तोंड करून द्या लागते. मी आलो का टाकतो."

"कधी येता?"

"सासऱ्याले इचारा." मग त्याने एकदम विचारले, "पन शाफ्ट तं नाई खोलला ना कोनी?"

"नाही," मी म्हणालो. "फक्त साफ केला."

"मंग काई नाई."

जेवताना हे उत्तर पुन्हा तपासले. खोलणे म्हणजे बिघडलेली वस्तू उघडणे. मी धुण्यासाठी काढला. शिवाय त्याचे दोन तुकडे मी केले नाहीत, ते ओढल्यावर झाले. तेव्हा उत्तर खरे आहे. तरी "नाही" म्हणताना माझा आवाज चढला होता. तो का चढला असावा?

मत्स्यबीज केंद्राने बोटुकली न्यायची तारीख दिली आहे. सतरा जुलै. ती चुकली तर पुढची मिळेल याची खात्री नाही.

६ जुलै, रविवार

थरथर नेमकी कुठून येते हे शोधण्यासाठी सभेने पाच जणांची समिती नेमली. समितीला बसवून मी अड्याळच्या रस्त्याने चाळीसच्या वेगाने तीन फेऱ्या मारल्या. निष्कर्ष वहीत लिहिले, ते असे.

बाबुलाल पुढे माझ्याशेजारी बसला होता. त्याने दाराला कान लावला आणि दारातून येते म्हणाला. त्याच्या मागच्याने सांगितले, बाबुलालमधून येते. सखाबाई अड्याळच्या बाजारात तीस वर्षे मासोळी विकतात आणि कोणत्याही गोष्टीवर त्यांचे मत तयार असते. त्या म्हणाल्या, "माह्या दाढेतून येऊन राहिली. डाव्या." यादोरावांना झोप लागली होती. त्यांनी उठून बहुमताला पाठिंबा दिला.

राहिले श्यामलालकाका. त्यांचे हात दोन वर्षांपासून थरथरतात. तेव्हापासून त्यांनी फेकजाळे हातात घेतलेले नाही. एके काळी त्यांचे जाळे पाण्यावर पडताना थाळीसारखे गोल उघडायचे. मी विचारले, "काका, तुम्हाला काय वाटते?"

त्यांनी दोन्ही तळहात समोर धरले. "मले तं बेस वाटून राहिलं बाप्पा. सगळं संगंसंग हालते तं माहे हात थांबल्यावानी दिसतात."

हे वहीत कसे लिहावे कळेना. "अध्यक्षांची तक्रार नाही" असे लिहिले.

९ जुलै, बुधवार

मुख्य प्रश्न असा की, या थरथरीने बोटुकली मरतील का? यावर कुठे काही लिहिलेले सापडत नाही. म्हणून प्रयोग केला. गावच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, पंधरा पिल्ले धरली, पाण्याच्या पातेल्यात घातली, पातेले डिंपलच्या मांडीवर. पंचवीस किलोमीटर.

निकाल: पंधराही जिवंत. पण सगळ्यांची तोंडे मागच्या चाकाकडे. पातेले फिरवले तरी ती पुन्हा तिकडेच वळली.

"त्याईले वापस जायाचं आहे," डिंपल म्हणाली. "मलेबी." पातेल्यातले अर्धे पाणी तिच्या साडीवर होते.

पंधरावरून येणाऱ्या पंधरा हजारांचा अंदाज बांधणे कितपत योग्य? शिवाय बोडीतली पिल्ले आमच्याच गावची. त्यांना इथल्या रस्त्यांची सवय असू शकते. ही शंका मी डिंपलला बोलून दाखवली. ती साडी पिळत राहिली.

१२ जुलै, शनिवार

फार मोठा दिवस. थरथर सापडली! म्हणजे ती कशी जाते हे सापडले.

अड्याळहून परतताना बस चुकलेली आमची माणसे रस्त्यात हात दाखवत होती. एकेक करत मागे आठ जण चढले, बाबुलालसकट. चाळीस झाले, पंचेचाळीस झाले, जीप शांत. मला वाटले मीटर बिघडला. नंतर फाट्यावर बाबुलाल उतरला आणि पस्तीसलाच बांगड्या वाजू लागल्या. (सखाबाईंच्या.)

मी जीप थांबवली. "बाबुलाल, पुन्हा चढ."

"माहं घर आलं ना बे."

"चढ तर खरा."

तो चढला. थरथर गेली. उतरवला, आली. चारदा केले. पाचव्यांदा त्याची बायको काठी घेऊन रस्त्यावर आली.

घरी येऊन कागदावर मांडले. माणसे बसली की कमानी दबतात, कमानी दबल्या की जीप खाली बसते, जीप खाली बसली की शाफ्टचा तिरपेपणा जातो. सरळ हिशेब आहे. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञानात मला काठावर गुण मिळाले होते याची खंत आज पहिल्यांदा गेली. हे लिहितानाच एक शंका मनात आली होती, पण तेवढ्यात बाबुलालची बायको जाब विचारायला घरी आली आणि शंका निसटली. आठवली तर उद्या लिहीन.

१३ जुलै, रविवार

आठवली नाही.

आज सगळ्या सभासदांचे वजन केले. संस्थेचा मासोळी तोलायचा मोठा काटा चिंचेच्या फांदीला टांगला, खाली जाळ्याची झोळी बांधली, एकेक जण त्यात. थरथर पूर्ण बंद व्हायला चारशे ऐंशी किलो लागतात, हे मी सकाळीच धानाची उसनी पोती चढवून-उतरवून काढले आहे.

सखाबाई झोळीत बसायला तयार नव्हत्या. "मले का कतला समजून राहिला का रे?"

मागून यादोराव म्हणाले, "कतला एवढी बोलत नाई."

एकाहत्तर भरल्या. बाबुलाल एकशे चार. फांदी करकरली. श्यामलालकाका त्रेचाळीस. ते झोळीत पाय दुमडून बसले, लहान मुलासारखे. मी आकडा दोनदा वाचला. पूर्वी ते किती असतील?

मग सभा. आमच्याकडे तलावाचे प्रत्येक काम घरटी एक माणूस, नंबराने होते. पारीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, राखण असो की जाळे ओढणे. तसेच हेही ठरले. ठराव मीच लिहिला आणि लिहिताना कुठे पळवाट राहू नये याची काळजी घेतली: "जीपच्या प्रत्येक फेरीस, जाताना व येताना, नंबराप्रमाणे आठ व्यक्ती वजनासाठी हजर राहतील. कोणत्याही कारणास्तव संख्या कमी करता येणार नाही." टाळ्या पडल्या. चांगला ठराव झाला आहे. कामाचा अभिमान वाटणे वेगळे आणि गर्व वेगळा, असे मी मानतो.

१७ जुलै, गुरुवार

जसे झाले तसे लिहितो.

सकाळी सहाला आठ जण हजर. जाताना थरथर शून्य. बीज केंद्रावर ऑक्सिजन भरलेल्या तीस पिशव्या मिळाल्या, प्रत्येकीत पाचशे बोटुकली. पाण्यासकट त्यांचे वजन दोनशे चाळीस किलो. म्हणजे परत येताना माणसांचे निम्मेच वजन पुरेसे होते. बाबुलाल आणि आणखी दोघे. मी तसे सांगितले. बाकीच्या पाचांनी बसने यावे.

"काहून?" सखाबाई पायरीवरून हलल्या नाहीत. "ठरावात काय लिव्हलं आहे? वाचून दाखव."

मी वाचून दाखवले. जाताना व येताना. कोणत्याही कारणास्तव.

"मंग?"

माझाच ठराव मीच मोडला तर उद्या कोण पाळेल? मी पाच मिनिटे विचार केला. मग आठही जण बसले, मांडीवर पिशव्या घेऊन. जीप इतकी गुळगुळीत चालली की काकांना डुलकी लागली.

नाला आला. पाणी पोटरीएवढे. मी हळूच उतरवली आणि मधोमध खालून आवाज आला. "ढप्प." चाके फिरत राहिली, जीप जागची हलेना. जीपचे पोट धोंड्यावर टेकले होते. तोच धोंडा. सकाळी पिशव्यांचे वजन नव्हते म्हणून तो टळला होता.

मला ती शनिवारची शंका आठवली. ती ही होती.

 पिशव्यांतली पिल्ले गोल गोल फिरत होती. माझ्या डोळ्यांसमोर गेल्या वर्षीची पांढरी पोटे आली. मग काका म्हणाले, "आपन उतरलो तं?"

सगळे उतरले. बाबुलाल उतरताच जीप पाण्यातून म्हैस उठावी तशी वर उठली. धोंड्यापासून चार बोटे वर. मी रिकामी जीप सहज पलीकडे नेली. पण तिथून तलावापर्यंत कच्चा रस्ता, आणि आता कोणालाच परत चढायचे नव्हते. सखाबाईंनी चुंबळ केली आणि दोन पिशव्या डोक्यावर घेतल्या. "माह्या सासूनं मडक्यातून आनली होती पिल्लं, पायी. हे तं पिलास्टिक आहे." बाकीचेही निघाले. खबर लागली तशी गावातून आणखी माणसे आली. तलावाच्या पारीवर ही रांग, पिशव्या डोक्यावर, आणि तिच्या मागे चार इंच उंच जीप, रिकामी. आत मी एकटा.

पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडे सोडली. मेलेली मी एकेक मोजली. तेवीस. पंधरा हजारांत तेवीस.

मी पारीवर बसलो. रडू येत होते, पण ते आनंदाचे की लाजेचे हे ठरेना, म्हणून रडलो नाही.

१८ जुलै, शुक्रवार

तेवीस पुन्हा मोजायला हवी होती का?

२१ जुलै, सोमवार

जागेश्वर आला. पायांना अजून चिखलाच्या भेगा. कमानींखाली लोखंडाच्या पाचरी टाकल्या आणि चालवून पाहिली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. तो पुन्हा खाली शिरला.  मग खालूनच:

"भाऊ, माह्या खुना कुठं गेल्या?"

"कसल्या खुणा?"

"पांढऱ्या. पेंटच्या. दोनी नळ्यांवर एकेक मारली होती. खुनेले खून लावून बसवा लागते ना शाफ्ट, नाई तं दोनी टोकाच्या जोडाचे कान एका सरळीत येत नाई. हा तं चार दाते फिरून बसला आहे. थरथरंन नाई तं काय नाचंन?" तो बाहेर आला. "मी इचारलं होतं ना फोनवर?"

मी म्हणालो, "मी खोलला नव्हता. मी—"

 तीन आठवडे मी स्वतःला इतके प्रश्न विचारले! एक सूत का लपवले, थोडीशी का म्हटले, आवाज का चढला. ते फराटे कशाचे आहेत, हा एक सोडून.

त्याने शाफ्ट ओढला, चार दाते फिरवला, बसवला. दहा मिनिटे. खडूने तात्पुरत्या खुणा केल्या. "पेंट तुमीच मारून घ्या." चाळीस, पन्नास, साठ. आरशात रस्ता एकच.

२२ जुलै, मंगळवार

सभा बोलावली. उभे राहून सगळे सांगितले. शाफ्ट मी काढला, खुणा मी घासल्या, मिस्त्रीला चुकीचे उत्तर मी दिले, आठ माणसे विनाकारण मी बसवली आणि त्यांच्यामुळे जीप धोंड्यावर टेकली. राजीनामा वहीत ठेवला.

 मग श्यामलालकाका म्हणाले, "मी तं पाह्यलं होतं घासताना."

"काका, मग मला थांबवले का नाही?"

"तू बीएस्सी आहेस ना बाप्पा. मले वाटलं, घासाचंच असंन." त्यांनी राजीनामा उचलला, थरथरत्या हाताने डोळ्यांजवळ धरला आणि परत दिला. "वहीत तं लिव्हलं आहे, यंदा तसं झालं तं देईन. झालं का तसं?"

"तेवीस मेली."

"तेवीस मासोळ्या तं हा बाबुलाल एका जेवनात खाते," सखाबाई म्हणाल्या. "ते राजीनामा-फिजीनामा राहू दे. गुरवारी माह्या लेकाच्या घराचा नंबर आहे, त्याच्या जागी मीच. किती वाजता याचं?"

मी सांगितले की आता वजनाची गरज उरली नाही, तो ठराव रद्द करायचा आहे, कुणीतरी सूचक व्हावे. कुणीही हात वर केला नाही. यादोराव म्हणाले, त्यांचा नंबर अजून आलाच नाही, त्यांच्या घरावर अन्याय होईल. मग चहा आला.

२४ जुलै, गुरुवार

मला आज संस्थेच्या कागदपत्रांसाठी पवनीला जायचे होते. साडेसातला बाहेर आलो, तर आठ जण आधीच जीपमध्ये. सखाबाईंनी खिडकीची जागा धरली होती. काका अध्यक्ष म्हणून नंबराबाहेर, पुढे. डिंपलही होती. आमच्या घराचा नंबर. "तुमी ड्रायव्हर आहा, तुमी घराच्या नंबरात येत नाई," ती म्हणाली. ठराव पाहिला. तिचे बरोबर आहे.

नाल्याजवळ सगळे न सांगता उतरले. मी जीप पलीकडे नेली. सगळे परत चढले.

डांबरी रस्त्याला चाळीस, मग पन्नास. काही नाही. फक्त इंजिन. माझ्या शेजारी काकांनी तळहात समोर धरले आणि पाहत राहिले. "आता पाह्य," ते म्हणाले, "एकटे माहेच हात हालतात."

मी वेग वाढवून पाहिला. कमी करून पाहिला. जीप गुळगुळीतच.

परत आल्यावर पांढऱ्या पेंटची डबी काढली. शाफ्टवर खुणा ओढायच्या होत्या. काका खाटेवर बसले होते. मी ब्रश त्यांच्याकडे नेला. "काका, तुम्ही ओढता का?"

ते जीपखाली शिरले. मागे चार इंच जास्त जागा आहे. एक सूत कमी. म्हणून त्यांना अवघड गेले नाही. बराच वेळ लागला. मी बाजूला झोपून बॅटरी धरली.

दोन्ही फराटे वाकडे आले आहेत. लाटांसारखे. एकासमोर एक आहेत, काम होईल. एका ठिकाणी पेंट ओघळून नळीवर डाग पडला आहे. तो मी घासणार नाही.